वाकळेवरचा राघू

धोंडुबाई : पाय बघ की तुझे, कसे सुजलेत. तीन दिस हुभी ऱ्हायलीस त्या मैदानात. परवडलं म्हणतीस?

संयोगिता : न परवडाय काय झालं आत्ती! एक वाकळ उरली न्हाय. शेजारच्या स्टॉलवरच्या बायका लोणच्याच्या बरण्या हाय तशा परत घेऊन गेल्या. आपण रिकाम्या हातानं आलो.

धोंडुबाई : वरीसभर डोळं फोडून शिवलेल्या, तीन दिसात गेल्या. घर ओकंओकं वाटाय लागलंय.

संयोगिता : उरल्या असत्या तर त्येला बी बोलला असता तुम्ही. अवो, लोकांस्नी नुसती वाकळ नको असती, तिची गोष्ट पायजे असती. ती मी सांगितली. बोर्डावर बी लिहिली हुती, मोठ्या अक्षरात.

धोंडुबाई : जुनेरं जोडायची नि टाकं घालायचं. त्यात कसली आलीया गोष्ट?

संयोगिता : ते तुम्हास्नी न्हाय कळायचं. आता फुडच्या प्रदर्शनाला बी नाव देणार मी. ती हिरवी तर बघा, जरा बी घासाघीस न करता नेली. मी म्हणीन ती किंमत दिली.

क्रांती : हिरवी कुठली, वैनी?

संयोगिता : तुम्ही कशाला उठलाय, क्रांतीताई? नववा लागलाय, पडून ऱ्हावा की. ती न्हाय का, मधोमध राघू असलेली.

क्रांती : राघू? आई, ती साडी जाळली म्हणालीस की मला.

धोंडुबाई : तू आत जा, पड जा जरा.

क्रांती : आई, बोल की.

धोंडुबाई : कापड कोरं करकरीत हुतं गं. एकदाच नेसलेलं. चुलीपाशी नेलती दोनदा, पर हातच धजंना. बारीक तुकडं केलं, चार वाकळांत वाटून घातलं. म्हटलं, कोण वळखतंय.

क्रांती : आन् राघू?

धोंडुबाई : राघूवर कात्री चालवाय जीव झाला न्हाय. तेवढा अख्खा ठेवला.

संयोगिता : एवढं काय झालं त्यात? साडीच हाय की.

क्रांती : वैनी, ती माझ्या डोहाळजेवणाची साडी. अंगावर तीच हुती, पळून आले तवा. तो राघू सासूबाईंनी सोता भरलाय, हातानं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं मधी, म्हणून डोळा भरायचा ऱ्हायला त्याचा. तसला बिनडोळ्याचा राघू आख्ख्या हातकणंगल्यात दुसरा न्हाय.

संयोगिता : थांबा. बिनडोळ्याचा...

धोंडुबाई : काय गं? काय आठवलं?

संयोगिता : घेणारी पोरगी तेच म्हणत हुती. कॉलेजातली असंल. चार वाकळा उलगडून बघितल्या, ही दिसल्यावर दुसरीकडं बघितलंच न्हाय. मग मोबाईल काढून कुणाला तरी व्हिडिओवर दावाय लागली. तिकडनं म्हातारीचा आवाज आला, 'मोना, उलटी कर. मागचा टाका दाव.'

क्रांती : मोना. माझी नणंद.

संयोगिता : मला कसं कळणार वो? माझं लगीन तुमच्यानंतर झालं, त्येला बी तिकडनं कुणी आलं न्हाय. तुमच्या सासरचं एक माणूस बघितलेलं न्हाय मी. मागं धुंडाय आलते तवा बी बापय आलते नुसते, आन् मी माहेरी.

धोंडुबाई : तवा ही जोतिबावर माझ्या भनीकडं हुती म्हणून वाचली. पार माळा बी उपसून बघितला त्यांनी. लेक इकडं आलीच न्हाय म्हणून देवाची आण घेतली मी. तवा कुठं गेलं. त्यानंतरच ते घर सोडून हितं बावड्यात आलो आपण.

क्रांती : जाताना काय म्हणाला माझा नवरा अमरसिंह, सांग की वैनीला.

धोंडुबाई : नको आता ते.

क्रांती : 'पोर आमचं हाय. ते पदरात पडलं की तुमची लेक कुठं का मरंना.' असं म्हणाला. डोहाळजेवणाच्या पंगती उठायच्या आत हात उगारलेला माणूस हाय तो, वैनी. बोलतो ते करतो. मला लई भ्या वाटतंय.

धोंडुबाई : भिऊ नगंस. वाकळ नेली म्हणजे काय घर घावलं न्हाय. कसबा बावड्यात काय थोडी घरं हायत? संयोगिता, नाव-गाव काय सांगितलं न्हाईस न्हवं?

संयोगिता : कार्ड दिलं.

धोंडुबाई : कसलं कार्ड?

संयोगिता : स्टॉलचं. नंबर हुता त्यावर. आन् आत्ती... आज सकाळी फोन आलता. म्हाताऱ्या बाईचाच. लई गोड बोलत हुती. म्हणाली, 'तुझ्या सासूच्या हातात कला हाय गं, घरी येऊन बघीन म्हणते.'

धोंडुबाई : मग?

संयोगिता : मला वाटलं मोठी ऑर्डर हाय. कारखान्याच्या मागनं कसं यायचं ते सगळं सांगितलं. चहालाच या म्हटलं.

क्रांती : कवा?

संयोगिता : उन्हं कलल्यावर.

क्रांती : कलली की उन्हं.

(गल्लीच्या तोंडाला गाडीची दारं लागल्याचा आवाज. एक, मग आणखी एक, मग आणखी.)

धोंडुबाई : क्रांती, मागच्या दारानं शेजारच्या बयाबाईकडं जा. चप्पल उचलून घे, हितं ठेवू नको. पळू नगंस, पोट सांभाळ. संयोगिता, राजवर्धनला फोन लाव, म्हणावं भनीवर बेतलंय, कामावरनं सुटून ये, एकटा येऊ नको.

संयोगिता : लावतेय, उचलंना. आत्ती, माझं चुकलं वो.

धोंडुबाई : तुझं न्हाय. चुलीपाशी माझा हात अडला. आता रडू नको, डोळं पूस. चहाचं आधण ठेव. दार मी उघडते.

संयोगिता : आन् वाकळ फुडं टाकून इचारलं तर?

धोंडुबाई : सांगायचं, भांडीवाल्या बाईकडनं जुन्या साड्या घेतो आम्ही गठ्ठ्यानं. कुणाची कुठली, आम्हास्नी काय ठाव. तू बी तेच सांग. शब्द इकडचा तिकडं करू नको.

संयोगिता : पर आत्ती, त्या पोरीनं बोर्डाचा फोटो काढलाय.

धोंडुबाई : काढू दे की. काय लिहिलंतंस त्यावर?

संयोगिता : 'बाहेरचं एकही कापड नाही. सगळ्या साड्या आमच्याच घरच्या लेकी-सुनांच्या.'