समुद्र न पाहिलेला माणूस

बंदरावरच्या बिनतारी केंद्राचा इतिहास लिहाल का, असं विचारणाऱ्या मित्राच्या पत्राला शरच्चंद्रांनी उत्तरच दिलं नव्हतं. ग्वाल्हेरच्या माणसानं समुद्रावर काय लिहावं? टपाल कचेरीच्या रांगेत त्यांच्या पुढे दोघी बोलत होत्या.

"संस्थान विलीन झालं आणि आमच्या यांचा तबादला थेट बंदरावर, सुमनताई. जहाजांशी बिनतारी बोलायचं."

"समुद्र पाहिलाय त्यांनी?"

"इथला सागरताल तलाव पाहिलाय."

"पोहता येतं?"

"बुडलं तर जहाज बुडेल. हे कोरडे बसून ऐकणार."

"ऐकणार? घरात तुमची हाक ऐकत नाहीत!"

"जहाज भाजी आणायला सांगत नाही हो."

"मग घाबरले नाहीत?"

"घाबरले की! पण आधी हो म्हणाले, घाबरले नंतर."

शरच्चंद्रांनी रांगेतच कार्डावर 'हो, लिहितो' असं लिहिलं आणि मन बदलायच्या आत पेटीत टाकलं.