राखाडी टेकडी

—छे छे, ॲपवर कशाला रागावू? बसा, चहा निवतोय. तुमच्या ॲपच्या नकाशावर लाल म्हणजे घाणेरी लगेच उपटा, पिवळं म्हणजे थोडं थांबा, राखाडी म्हणजे नाद सोडा. काल आमची टेकडी राखाडी झाली. कोणामुळे? माझ्यामुळेच! म्हणे आता इथली आमची उपटणाऱ्या बायकांची टोळी काढून पलीकडच्या जंगलात देणार — आणि टेकडी? ती घाणेरीला आंदण! अहो, ते झुडूप एकदा माजलं की खाली गवताची काडी उगवू देत नाही. आम्ही मुळासकट काढतो, तरी कुठेतरी एखादं रोप डोकं वर काढतंच, आणि दिसलं की मी लगेच फोनवर टाकते, परत उगवली म्हणून. पलीकडचे वनपाल जीपमधून खाली पाय ठेवत नाहीत, बसल्या बसल्या 'स्वच्छ' टाकतात. मग तुमच्या ॲपला काय वाटणार? तिकडे कष्ट फळतात, इकडे वाया जातात. सुधारणा विचारायला आलात ना? मग हे घाला — कोणी बघितलंच नाही ती जागा वेगळी आणि खरंच स्वच्छ आहे ती वेगळी. एवढं साधं! आणि तुमच्या साहेबांना हे कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. माझा सख्खा धाकटा भाऊ आहे तो — बोलला नाही वाटतं? कसा बोलेल! इथेच, तुम्ही बसलाय त्याच खुर्चीत बसून म्हणाला होता, "ताई, तू खरं तेच टाक, तुझ्या नोंदींवरच हे शिकणार." मी हुरळले हो. टोळीतल्या बायकांना कौतुकानं सांगत सुटले, माझ्या भावानं केलंय, बारीकसुद्धा रोप लपवायचं नाही. आता त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?

आणि काल रात्री फोन — मला वाटलं, चुकलं म्हणेल. तर म्हणतो, "ताई, एकदाच 'स्वच्छ' टाक ना, रंग बदलेल, माझ्यावरही काही येणार नाही." ऐकलंत? नियम नाही बदलायचा, बहिणीनं खोटं बोलायचं! टेकडी गेल्याचं दुःख आहेच, पण हे — हे फार लागलं मला. रडत नाहीये मी.

काय? टाकलं का 'स्वच्छ'? सकाळी ओढ्याच्या कडेला दोन रोपं दिसली. दोन्ही टाकली, फोटोसकट. जाऊन सांगा त्याला, आणि म्हणावं, स्वतः यायचं नसेल तर माणसं पाठवू नकोस. निघा तुम्ही आता. टोळी बाहेर थांबलीये, मला त्यांच्याशी बोलायचंय.