खाडीचा जिताडा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचा कणा असलेले साईनाथभाऊ, ज्यांच्या हातून आत्ताच माझ्या मुलीला शाल-श्रीफळ मिळालं त्या मुख्याध्यापिका रसिकाताई, बर्फाच्या कारखान्याचे मालक आणि आजपासून प्राप्तीचे प्रायोजक कुंडलिकशेठ, समोर बसलेल्या मोठागावच्या आयाबहिणींनो, बांधवांनो, आणि मागे भिंतीला टेकून जेवणाचा अंदाज घेणाऱ्या तरुण मित्रांनो, तुम्हा सगळ्यांना या भिवाजीचा नमस्कार.

दोनच शब्द बोला, असं साईनाथभाऊंनी मला बजावलंय. भाऊ, मी मानपाड्याच्या कंपनीत युनियनच्या गेट मीटिंगा घेतलेला माणूस. माईक देण्याआधी विचार करायचा होतात.

उद्या माझी प्राप्ती केरळला निघाली, गळाच्या मासेमारीच्या देशपातळीच्या स्पर्धेला. आता तुम्ही म्हणाल, कोळ्याच्या मुलीने मासा पकडला, त्यात सत्कार कसला? मीही हेच म्हणायचो. आम्ही जाळ्याची माणसं. गळ म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, अशी माझी पक्की समजूत होती. ठाण्याहून गाड्या घेऊन हौशी लोक आपल्या खाडीवर यायचे, दिवसभर काठी धरून उभे राहायचे आणि मिळालेला मासा पाण्यात सोडून घरी जायचे. मी आणि माझी बायको मनुबाई पोट धरून हसायचो. आमची कन्या मात्र त्यांच्यातच जाऊन उभी राहिली.

पहिल्या स्पर्धेची गंमत सांगतो. तिकडे नियम असा, की मासा मोजायचा, फोटो काढायचा आणि जिवंत सोडायचा. पोहत गेला तरच गुण. हिने भला मोठा तांब मासा गळाला लावला. आणि मग काय केलं असेल? आईने शिकवलं होतं तेच. खवलं काढली, पोट साफ केलं, बर्फात घातला आणि झाकण उघडून परीक्षकांपुढे ठेवला. ते बिचारे तोंडाला हात लावून बसले. गुण शून्य. घरी आल्यावर मनुबाईने तो तांब कापला आणि म्हणाली, साफ मस्त केलाय, नंबर द्यायला हवा होता.

पुढे प्रायोजक शोधायची वेळ आली, कारण हा खेळ आपल्या ऐपतीतला नाही. आम्ही बापलेक फाइल घेऊन हिंडलो. ठाण्यात एका बिल्डरने विचारलं, मासे पकडणं तर तुमचा धंदाच, यात खेळ कुठे आला? दुसऱ्या एका साहेबांनी फाइल नीट वाचली, चहा पाजला आणि घरी पापलेट पोचवाल का म्हणून विचारलं. शेवटी मनुबाईच उठली आणि कुंडलिकशेठकडे गेली. आयुष्यभर आपल्या मासळीसाठी तिने त्यांच्याकडचाच बर्फ घेतला होता. शेठ म्हणाले, वहिनी, पोरीला एकदा पहिली येऊ दे, पुढचं माझ्यावर. शेठ, तुम्ही शब्द पाळलात. तुमचे उपकार आहेत.

पण त्याच दिवसांत मनुबाई आजारी पडली. काय आजार होता ते तुम्हाला ठाऊक आहे, इथे नाव नको घ्यायला. जेवण तुटलं. एकच म्हणायची, जिताड्याचं कालवण खाईन. आपल्या खाडीत आता जिताडा कुठला? ज्या कारखान्यांच्या पाण्याने तो गेला, त्यांच्यातच मी पगार घेतला. बाजारातून आणला. तिने एक घास घेतला आणि ताट सरकवलं. म्हणाली, "यो तलावाचा हाय, खारीचा नाय." जन्मभर मासळी विकलेल्या बाईला काय फसवणार?

त्याच आठवड्यात रायगडात सावित्रीच्या खाडीत स्पर्धा होती. मनुबाईनेच आम्हाला ढकलून पाठवलं. मी बर्फाची पेटी सोबत घेतली, म्हटलं, तिकडच्या होड्यांवर मिळेल. एकाही होडीवर जिताडा नव्हता. आणि स्पर्धा संपत आली असताना प्राप्तीच्या गळाला लागला. खाडीचा, चांगला हातभर. मोजून झाला, फोटो झाला. मी काठावरून म्हटलं, "प्राप्ती, हा आईचा आहे. ठेव."

ठेवला असता तर गुण गेले असते, शेठचा शब्द गेला असता, सगळंच गेलं असतं. हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. तरी म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं. गुडघाभर पाण्यात उभी राहून मासा दोन्ही हातांत धरला, त्याला दम येईपर्यंत धरला. ढसाढसा रडत होती. मग सोडला.

पोरगी पहिली आली. मी टाळी वाजवली नाही. अंधार पडेपर्यंत स्वतः गळ टाकून बसलो. दोन फुटकळ शिंगाळे मासे मिळाले.

घरी येऊन मी बायकोकडे पोरीची तक्रार केली. हो, आजारी बाईकडे केली. मनुबाईने प्राप्तीला जवळ बोलावलं आणि विचारलं, केवढा होता? पोरीने हात पसरून दाखवलं. मनुबाई म्हणाली, "पोवत गेला ना गो?" प्राप्तीने मान हलवली. "मंग बरा झाला," म्हणाली आणि डोळे मिटून पडली. चार घास पेज गेली त्या रात्री. पुढच्या सोमवारी ती आपल्याला सोडून गेली.

लोक माझी समजूत घालतात, की ती समाधानाने गेली. गेली असेल. पण माझं समाधान कोण करणार? तिने आयुष्यात मागितलेली ही एकच वस्तू, आणि ती माझ्या डोळ्यांसमोरून पाण्यात गेली. प्राप्तीवर माझा राग नाही. तिच्या जागी मी असतो तर मला सोडवलं नसतं, एवढंच खरं. आणि मग आज हा सत्कार झाला नसता.

असो. मंडळाचे, रसिकाताईंचे, शेठचे मनापासून आभार. आनंदाच्या दिवशी रडगाणं गायलो, काही वेडंवाकडं बोललो, ते घरचं माणूस समजून पोटात घाला.

आणि प्राप्ती, बाय माझे, तिकडे कितीही मोठा मासा लागू दे. बिनघोर सोड. घरी आता मासा मागणारं कोणी नाही.