बाबांच्या बाजूने

नाही हो भाऊ, बाप्तिस्मा-बिप्तिस्मा काही नाही — आमच्याकडे कुणी कुणाला ओढत नाही. कॉलेजच्या मुलांसाठी तळघरातल्या या दोन खोल्या — पलीकडे उपासना, इकडे जेवण आणि गप्पा. ज्याचा जो धर्म असेल तो घेऊन यावं, नसेल त्याने तसंच यावं. मी नुसती स्वयंपाकाची, मावशी म्हणतात मला. बसा ना — ती खुर्ची नको, पाय हलतो तिचा — ही घ्या. सूप ठेवलंय चुलीवर, माझे हात चालू राहतील, राग मानू नका.

तुमची लेक म्हणजे आमची वकीलबाई. का म्हणजे — पाळकसाहेबांचा, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचा, एक नियमच आहे. जेवताना आपली बाजू मांडायची नाही, समोर नसलेल्या माणसाची मांडायची. आणि अशी, की तो इथे असता तर म्हणाला असता, हो, हेच म्हणायचंय मला. बाकीची पोरं कुणाकुणाची घ्यायची. तुमची लेक दर वेळी एकाचीच — तुमची. खरंच सांगते. आधी खाकरायची, मग टेबलावर बोट आपटून, "मुद्द्याचं बोला!" — हसून हसून पोरांना ठसका लागायचा. मग हळूहळू हसू थांबायचं. कारण बोलायची इतकं चोख — देव न मानणारा माणूस का मानत नाही, बायको अंथरुणाला खिळली तेव्हा त्याने किती हाका मारल्या, कुणी ओ दिली नाही... हे तुम्ही तिला कधी सांगितलंच नव्हतं? असं होय. मग ऐकलं असेल दाराआडून. पाळकसाहेबसुद्धा चमचा खाली ठेवून ऐकायचे. म्हणून तर मघाशी तुम्ही दारात खाकरलात आणि माझ्या हातातला डाव पडला. म्हटलं, आली. — वेडेपणा, दुसरं काय.

हो. शेवटी शेवटी पलीकडे उपासनेला बसायला लागली होती. मागच्या बाकावर, दाराशी, कधीही उठून जाईन अशी. गायची मात्र डोळे मिटून — हे बोलायचं नव्हतं मला. निघालं तोंडून.

मग सुट्टीआधीचं जेवण. पाळकसाहेबांनी सहज विचारलं — वाईट मनाने नाही हो — "वकीलबाई, तू इथे गातेस हे कळलं तर बाबा काय म्हणतील? मांड त्यांची बाजू." ती उठली. खाकरली. सगळे हसायला टपलेले. आणि काही नाही. तोंड उघडं, शब्द नाही. पुन्हा खाकरली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, हे मला येत नाही गं. त्यांनाच विचारून येते." ताट तसंच ठेवून सामान भरायला गेली. तीच बस, भाऊ. जी घाटातून दरीत गेली, ती.

तेव्हापासून भांडी घासताना ऐकू येतं मला — खाकरणं, आणि पुढे काही नाही. नळ बंद करते, तरी येतं.

ती तुमची होती की आमची, ते मी काय सांगणार? पण पोचली असती घरी, तर तुम्ही काय म्हणाला असतात? नाही, रागाने नको. ती समोर उभी आहे असं समजून — तिथे, त्या मोडक्या खुर्चीशी. हं. बोला.

...अगदी असंच. अगदी असंच खाकरायची.

बोला ना, भाऊ.

राहू द्या. राहू द्या आता. जिन्यावर पोरांचे पाय वाजतायत — तुम्ही मागच्या दाराने जा. आणि बाहेर पडेपर्यंत घसा साफ करू नका. त्यांनी तो आवाज ऐकायला नको.