बाबांच्या निरोपाची पाच जेवणं

नाही, पण मीठ बंद म्हणजे बंदच ना हो? की आमच्या सामोआत त्याचा वेगळा अर्थ होतो? तुम्हाला सांगते, मी कुणी शिंकलं तरी दचकणारी बाई, पण नर्सिंग शिकलेय, एवढं मला कळतं! बाबांना लहानपणी घसा धरून ताप यायचा, आजी म्हणायची, "एवढ्यानं काय होतंय?" आणि तो ताप जाऊन बसला हृदयाच्या झडपेवर. पन्नाशीत झडप गळायला लागली. ऑपरेशन न्यूझीलंडला, विमान शनिवारी. डॉक्टर लाउमाता म्हणाले, "प्रमुखसाहेब, मिठाला शिवायचं नाही. अंगात पाणी साठलं तर विमानात घेणार नाहीत, आणि ही खेप हुकली तर पुढची थेट ऑक्टोबरात."

आता गावचा प्रमुख परदेशी निघाला म्हटल्यावर गाव काय करणार? निरोपाचं जेवण! एक नाही हो, पाच! सोमवारी डुक्कर, मंगळवारी डबाबंद खारट गोमांस, बुधवार-गुरुवार मेंढीचं चरबीदार मटण... आणि प्रमुखानं घास घेतल्याशिवाय बाकीच्यांनी हात लावायचा नाही! मी कुजबुजले, "आत्या, मीठ..." तर तालाईआत्या फिस्कारली, "अगं, एवढ्यानं काय होतंय? उपाशीपोटी चिरून घेऊ देऊ का माझ्या भावाला?"

शुक्रवारी खुद्द डॉक्टर आले. म्हटलं, सुटले बाई! पण हातात काय? खारवलेल्या गोमांसाची बादली! "प्रमुखांकडे रिकाम्या हातानं कसं यायचं गं? तू त्यांना वाढू नकोस म्हणजे झालं."

आणि तेवढ्यात पाद्रीबाबा तीनशे माणसांपुढे गरजले, "पोरी! बापाचं ताट रिकामं? खायला घालायची लाज वाटते?"

मी दचकले हो! आणि दचकले की माझे हात आपोआप चालतात... तीन मोठे तुकडे, वर नारळाचा दाट रस... मीच वाढलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, हळूच म्हणाले, "एवढ्यानं काय होतंय, बाळ," आणि खाल्लं. त्यांना माहीत नव्हतं का? चारचौघांत माझी मान खाली जाऊ नये म्हणून खाल्लं.

शनिवारी वजन सहा किलोंनी वाढलेलं, पाय खांबासारखे, एक शब्द बोलायला तीन श्वास. डॉक्टर माझ्यावरच ओरडले, "सांगितलं होतं ना तुला!" विमान गेलं.

ऑक्टोबर कुठला! बाबा जुलैतच गेले.

मातीला अख्खं गाव आलं, ओळीनं माझ्या गालाला गाल लावून गेलं. आत्या हुंदके देत ज्याला त्याला सांगत होती, "एक दिवस उपाशी राहिला नाही हो माझा भाऊ! पोरीनं शेवटपर्यंत काही कमी पडू दिलं नाही!" पाद्रीबाबांनी तर प्रार्थनेत माझं नाव घेतलं... म्हणाले, अशी लेक घरोघरी जन्मो.

तीनशे माणसं 'आमेन' म्हणाली. आता मी काय करणार? मीही म्हणाले.