उरलेल्या गोळ्या

लांबच्या नेमबाजीचं मला नका सांगू. निमगावहून बारामतीला दादाबरोबर मीही शिकायला जायचे. रायफल एकच. वडील, म्हणजे आबा, त्याला सीलबंद डबा द्यायचे आणि मला चार वेगवेगळ्या डब्यांतल्या उरलेल्या गोळ्या. माझे नेम निशाण्याच्या कागदभर पसरायचे.

मी म्हणाले, "आबा, शिकताना एकाच डब्यातल्या गोळ्या लागतात, दर डब्यातली गोळी जरा वेगळ्या जागी बसते. तुमी कांद्याच्या एका वाफ्यात दोन पिशव्यांचं बी टाकता का?"

"बियाचं येगळं. तुझा हातच हलतोय."

एकदा दादा आला नाही. मी त्याचा डबा फोडला. दहाच्या दहा गोळ्या रुपयाएवढ्या जागेत बसल्या. शिकवणाऱ्या सरांनी तो कागद माझा म्हणून आबांना दाखवला.

आबांनी तो बराच वेळ निरखला. म्हणाले, "रायफल चांगली हाय की. स्पर्धेला पोराचं नाव घाला."