न दुखणारी सूज

...तर दादाची साखर! नाही नाही, तुम्ही बोलू नका, गालावर वस्तरा आहे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ — बस चालवतो. डायबेटिस जुनाच, पण अलीकडे साखर अशी ताब्यात, की दिसेल त्याला रिपोर्ट दाखवत सुटायचा. आणि डॉक्टरीणबाई म्हणतात काय, तर लघवीतून प्रथिनं जातायत, किडनीला आतून सूज आहे! दादा उखडलाच. 'सूज? मग दुखत कशी नाही?' — आणि सदरा वर करून कंबर दाखवायला लागला हो त्यांना! मला हसू आवरेना. — हनुवटी जरा वर. — बाई शांत. म्हणाल्या, किडनीत बारीक बारीक गाळण्या असतात, वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की त्या चिडतात. मग शरीर डागडुजीला आपलीच माणसं, म्हणजे रक्तातल्या पेशी, पाठवतं — आणि ती परत जायचं नावच घेत नाहीत! तिथंच ठाण मांडतात, दुरुस्तीच्या नादात मोडतोड करतात. साखर आज सुधारली तरी आतली धुसफूस चालूच. माझ्या सासरचे पाहुणे बघितलेत? तस्संच!

मग बाई म्हणाल्या, पुन्हा तपासू. दादा अडून बसला — 'हा लघवी तपासायला देत असेल तर मी देतो.' मला कशाला मध्ये ओढतोस बाबा? मलाही साखर आहे, नाही असं नाही, पण गोळी घेतो, विषय संपला. तरी दिली तपासायला, त्याच्या हट्टापायी. पण मानलं हं दादाला — सिगरेट सुटली, खारट बंद, बाईंनी दिलेलं औषध वेळच्या वेळी. परवा कळलं, प्रथिनांची गळती निम्म्यावर आली! गडी वहिनीला हाताला धरून स्वयंपाकघरात नाचला.

माझं? माझं काय, एकदम झकास. म्हणजे — दादाला तसं सांगितलंय. असं आरशातून बघू नका हो, हात हलेल माझा. त्याच्यापेक्षा जास्त गळतंय, झालं? बाई म्हणाल्या, ताबडतोब या, अजून आवरता येईल. जाईन की! दुकान कोण बघणार, एवढंच आहे... आणि खरं सांगू? लहानपणी मला ताप आला की दादा जेवायचा नाही. आई रागावायची, तरी नाही. आता कुठे हसायला लागलाय तो, आणि मी त्याला जाऊन हे सांगू? बायकोलाही बोललो नाही. तुम्ही परके म्हणून तोंडातून गेलं. भीती वाटते हो, उगाच कशाला खोटं बोलू —

अरे, दादा! तू? कधीपासून उभा आहेस दारात?

...साहेब, झाली तुमची दाढी. उठा.